बर्फातली पाठराखीण

“थंडी वाजतेय असं करा, अक्का,” पंडितनं कॅमेऱ्यामागून सांगितलं.

सुगंधाबाईंनी दोन्ही हात छातीशी घेतले आणि खांदे वर केले. कपाळावरून निघालेला घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्यावर क्षणभर थांबला आणि कोटाच्या केसाळ कॉलरवर पडला.

“हे देवळात उभं राहिल्यासारखं झालं. जरा कुडकुडा.”

“कुडकुडू कशी भाऊ? आंगातून वाफा निघू राहिल्या माह्या.”

बाहेर जळगावातली एप्रिलची दुपार होती आणि रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आत स्टुडिओच्या भिंतीला पांढरी चादर लावली होती. कूलर सुरू केला की चादर हलायची, म्हणून पंडित तो बंद करायचा. मग कूलरसमोर खुर्ची टाकून बसलेला चंदन मोबाइलमधून मान वर न काढता तो पुन्हा सुरू करायचा. हे बराच वेळ चाललं होतं. चंदन नवरदेव होता, त्यामुळे त्याला कोणी काही म्हणत नव्हतं.

कोट शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे पुरवणाऱ्या दुकानातून आणला होता. एप्रिलमध्ये जळगावात गरम कोट मागितला तेव्हा दुकानदारानं पंडितकडे काळजीनं पाहिलं आणि अस्वलाचा काढून दिला. वरचं डोकं सुटं होतं ही त्यातल्या त्यात सोय. याआधी अस्वल झालेल्या कुणा मुलाला स्टेजवर जाण्यापूर्वी उलटी झाली असावी. ती धुतली होती, पण पाण्यानंच.

“आत्या, इकडे बघ,” दिपमाला म्हणाली आणि नॅपकिननं तिनं आत्याचं तोंड टिपलं. टिपून होईपर्यंत पुन्हा घाम आला.

“राहू द्या,” पंडित म्हणाला. “घाम मी नंतर पुसतो.”

त्याचा धंदाच तो होता.

असोद्याच्या तोतारामांची मुलगी दिपमाला हिचं लग्न धुळ्याच्या चंदनशी ठरलं होतं. हल्ली लग्न ठरलं की आधी बर्फ लागतो, हळद नंतर. ज्या गावात बर्फ म्हणजे पंगतीच्या वेळी पाण्याच्या पिंपात सोडायची लादी, त्या गावातल्या मुलींनाही आता लग्नाआधी निदान एकदा डोंगरावरच्या बर्फात उभं राहून नवऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचं काय? तोतारामांना हे पटलं नव्हतं, पण पटलं नाही असं म्हटलं तर आपण मागासलेले ठरू अशी त्यांना भीती होती. त्यांनी एक अट घातली. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. तोतारामांनी ती लग्नाआधीच रवाना केली, मनालीला. त्यांच्याच घरी राहणारी त्यांची विधवा बहीण सुगंधाबाई मुलीबरोबर जाईल आणि मुलीला नजरेआड होऊ देणार नाही, असं ठरलं.

ज्या दिवशी वर जाऊन फोटो काढायचे होते त्या दिवशी सकाळी चंदननं हॉटेलात सुगंधाबाईंना वरच्या हवेबद्दल सांगितलं. वर हवा फार विरळ असते, आत्या. परवाच तुमच्या वयाच्या एक बाई चालत गेल्या आणि चादरीत गुंडाळून खाली आल्या. सुगंधाबाईंनी दिवसभर अंगावर रजई घेऊन हॉटेलात टीव्ही पाहिला आणि परत आल्यावर भावाला सांगितलं की मी पोरीच्या सावलीसारखी होते.

वर बर्फ होता असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात चिखल होता आणि त्यात मधूनमधून बर्फ होता. घोड्यांची लीद होती, नूडल्सचे कागदी वाडगे होते, आडोशाला माणसांनी पाडलेली पिवळी भोकं होती. शंभरदा दुसऱ्यांच्या पायांतून जाऊन आलेले भाड्याचे गमबूट होते, त्यांत पाय घातल्यावर आत काहीतरी ओलं आणि कोमट लागायचं. बर्फात कॅमेरा फसतो, पांढरं ते राखाडी दाखवतो, म्हणून उजेड वाढवून घ्यावा लागतो. पंडितनं वाढवून घेतला. त्यानं लीद जास्त स्पष्ट आली.

जळगावला परतल्यावर पंडित साफसफाईला बसला. माणसं पुसली, घोडे पुसले, घोड्यांनी मागे ठेवलेलं पुसलं. चहाच्या टपऱ्यांवर बर्फाचे डोंगर ओढले. दिपमालाच्या अंगावर बिनबाह्यांचा आकाशी गाऊन होता, तिच्या दंडांवर उभा राहिलेला काटा त्यानं सपाट केला, ओठांचा निळेपणा घालवून गुलाबी भरला, नाकाखालचं पाणी काढलं. शेवटी जगात फक्त चंदन आणि दिपमाला उरले, आणि पांढरं. काम उत्तम झालं होतं. ते पाहून पंडितला नेहमीसारखीच तोंडात साबण गेल्याची चव आली आणि त्यानं फोटो पाठवून दिले.

घोटाळा झाला तो काम उत्तम झाल्यामुळेच. धुळ्याला साखरपुड्यात पडद्यावर फोटो लागले. चंदनचे आजोबा झुलालनाना पहिल्या रांगेत बसले होते. नानांनी गर्दी नसलेली जागा आयुष्यात पाहिली नव्हती.

“हाई कोठला मुलूख शे?” ते मोठ्यानं म्हणाले. “बठ्ठं उजाड. ह्या दोन्हीच शेतस का तठे?”

तिथं ही दोघंच आहेत का, हे ऐकून लोक हसले. पण हसून झाल्यावर विचार करू लागले. चार दिवसांनी धुळ्याहून निरोप आला, की नाना विचारतात, मुलगी तिकडे एकटी गेली होती का. ज्याच्याबरोबर ती एकटी गेली असा संशय होता तो नानांचाच नातू होता आणि निरोप निघाला तेव्हा शेजारच्या खोलीत जेवत होता. त्याला जाऊन विचारावं असं कोणाला सुचलं नाही. आपणहून सांगावं असं त्यालाही सुचलं नाही.

तोताराम म्हणाले, माझी बहीण बरोबर होती. नाना म्हणाले, मंग दखाडा. फोटोत ती दिसल्याशिवाय पत्रिका छापायच्या नाहीत. आणि पत्रिका छापल्या गेल्या नाहीत तर का, हे जामनेरपासून धुळ्यापर्यंत कोणाला वेगळं सांगावं लागणार नव्हतं. चंदनला पुढच्या लग्नसराईत दुसरी मुलगी मिळाली असती. दिपमाला मात्र ‘ती बर्फवाली’ म्हणून राहिली असती, असोद्यातच.

म्हणून आता सुगंधाबाई अस्वलाच्या कोटात चादरीपुढे उभ्या होत्या आणि त्यांना आज संध्याकाळच्या आत बर्फात पोचवायचं होतं.

“तुम्ही नानांना सांगितलं असतं तर,” दिपमाला चंदनकडे न बघता म्हणाली.

“काय?”

“आत्या होती म्हणून. तुमच्यावर विश्वास ठेवला असता त्यांनी.”

“आमच्याकडे नानांसमोर कोणी बोलत नाही, दिपा. पप्पासुद्धा बोलत नाहीत.” चंदननं कूलरची जाळी स्वतःकडे वळवली. “आणि आपण बोललो की त्यांना अजून डाऊट येतो. फोटो कसा, पुरावा असतो. काय पंडितभाऊ?”

“हो,” पंडित म्हणाला. “पक्का.”

“घ्या भाऊ लवकर,” सुगंधाबाई म्हणाल्या. “मी जर अठी पडली ना, तं फोटोत झोपेलच टाका मले.”

चंदन मनापासून हसला. “हवा विरळ आहे का आत्या?”

सुगंधाबाईही हसल्या. त्यांना हसणं भाग होतं. दिपमालानं नॅपकिनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

फोटो निघाले. पंडित कॉम्प्युटरपुढे बसला आणि तिघं त्याच्या मागे उभी राहिली. त्यानं सुगंधाबाईंना चादरीपासून सोडवलं, घाम पुसला आणि गालांना थोडी थंडीची लाली लावली. मग त्यांना उचलून त्या निर्मनुष्य पांढऱ्यात नेऊन ठेवलं, दिपमालाच्या शेजारी.

“अहो, हे काय,” चंदन म्हणाला. “तिघांचं लग्न आहे का? लांब ठेवा.”

पंडितनं त्यांना डोंगराच्या पायथ्याशी नेलं. तिथं त्या अस्वल दिसायला लागल्या.

“इतकं लांब नको. नानांना ओळखू आलं पाहिजे.”

“मले तं मीच ओळखू येत नही,” सुगंधाबाई पुटपुटल्या.

“मधे कुठंतरी, भाऊ. म्हणजे लक्ष ठेवतेय असं वाटलं पाहिजे, पण आमच्यामधे येतेय असं नको.”

जगातल्या यच्चयावत वडीलधाऱ्यांकडून लोकांना हेच हवं असतं, पण ते चित्रात बसवणं अवघड होतं. मधल्या अंतरावर माणूस केवढं दिसतं याचा अंदाज येईना, कारण मधल्या अंतरावरची सगळी माणसं पंडितनंच पुसली होती. शेवटी त्यानं मोजमापासाठी मूळ फोटो उघडला.

पडदाभर घाण आली. कोणीतरी नाक शिंकरत होतं. एक माणूस भिंतीकडे तोंड करावं तसा बर्फाकडे तोंड करून पाठमोरा उभा होता आणि काय करत होता ते उघड होतं. घोड्यांच्या रांगेखाली बर्फ चहाच्या रंगाचा झाला होता. आणि या सगळ्याच्या मधोमध आकाशी गाऊनमध्ये दिपमाला उभी होती. ओठ निळे, नाक वाहतंय, दात एकमेकांवर दाबून धरलेले. चंदनचा उजवा हात तिच्या उघड्या खांद्यावर होता. त्याच्या सुटाच्या बाहीतून आतल्या लोकरी बनियनचा काठ दिसत होता.

“बंद करा ना ते, शी,” चंदन म्हणाला.

“माह्यी शाल!”

सुगंधाबाई पुढे वाकल्या होत्या. कोटाच्या केसांना पंडितचा कान लागला आणि त्यानं खुर्ची सरकवली.

“ही काय, लाल काठाची. मी सकाळी दिपीच्या खांद्यावर टाकेल होती. हरपली म्हने ना ती?”

शाल चंदनच्या बुटांखाली होती. चांगली दुहेरी घडी घालून चिखलावर अंथरलेली होती आणि तिच्यावर चंदन दोन्ही पायांनी उभा होता. बूट चकचकीत होते.

दिपमाला पडद्याजवळ सरकली.

शाल हरवली असं चंदननंच त्या दिवशी सांगितलं होतं. दिपमाला फोटो झाल्यावर दंड चोळत शाल शोधायला लागली, तेव्हा तो म्हणाला होता, घोडेवाल्यानं उचलली असणार, ही माणसं असलीच. त्यानं घोडेवाल्याला त्याची पिशवी सगळ्यांसमोर उलटी करायला लावली. पिशवीतून दोरी निघाली, घोड्याचा खरारा निघाला आणि फडक्यात बांधलेल्या रोट्या निघाल्या. चंदननं त्या बुटाच्या टोकानं बाजूला सारून खाली काही आहे का ते पाहिलं होतं. घोडेवाला मोठ्यानं काहीतरी बोलत राहिला. आजूबाजूच्या लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले. पंडितनं त्या वेळी लेन्स पुसली होती. पुढे साफसफाई करताना त्याला शाल दिसली, तेव्हा त्यानं तिच्यावर बर्फ टाकला. मध्येच येणारी तपकिरी वस्तू, एवढंच.

“ही तुमच्या पायाखाली होती,” दिपमाला म्हणाली.

“अगं, खाली बघ ना किती घाण आहे. नवे बूट होते.” चंदननं पडद्यावर बोट ठेवून लीद दाखवली. “लीद आहे ही. तुझा गाऊन भाड्याचा होता. माझा सूट शिवलेला आहे.”

“मग त्या माणसाची पिशवी?”

“तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं.”

“नंतर आलं?”

“आलं ना, घोड्यावर बसताना. पण तोवर तो इतका बोंबलत होता, सगळे बघत होते. मग कसं सांगणार?” तो पंडितकडे वळला. “सांगा भाऊ, अशा वेळी सांगता येतं का?”

पंडितनं चष्मा काढून शर्टाला पुसला.

दिपमाला पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं तळहात ओढणीला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं. तिनं तो उलटून पाहिला आणि दुसराही पुसला.

“भाऊ,” ती म्हणाली, “हाच पाठवा नानांना.”

“हा?” चंदन ओरडला. “हा घाण फोटो? मागे तो माणूस काय करतोय ते दिसतंय का तुला?”

“दिसतंय. नानांना गर्दी पाहिजे ना? ही गर्दी. आत्या यातच कुठंतरी आहे म्हणून सांगा.”

“आणि त्यांनी विचारलं कुठं?”

“शोधतील ते.”

चंदननं विचार केला. विचार करताना तो खालचा ओठ बाहेर काढत असे. हिशेब त्याच्या बाजूनं येत होता. नानांसमोर बोलायचं नव्हतं, फक्त पाठवायचं होतं. त्यानं फोटो मोबाइलवर घेतला आणि पाठवला. थोड्याच वेळात धुळ्याहून फोन आला. त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“अरे चंदन!” नानांचा आवाज खोलीभर झाला. “हाई तं जत्रा शे रे! बठ्ठा मुलूख जमेल शे तठे!”

“हो नाना.”

“आन् ती घोडाजोडे तपकिरी कोट घालेल, ती आत्याच ना?”

पंडितनं घोड्याशेजारची आकृती मोठी केली. तिला मिशा होत्या.

“हो नाना,” चंदन म्हणाला. “आत्याच.”

“दखा, मी वळखी लिधं. मंग पहिलेच हाऊ फोटो का नही दखाडा? छापा पत्रिका. मन्ही काही ना नही.”

फोन बंद झाला. सुगंधाबाई स्टुलावर बसल्या, एकदम, आणि कोटासकट त्यांनी देवाला नमस्कार केला. चंदननं दोन्ही हात वर केले.

“मिटलं! मी म्हणत होतो ना, फोटोनं मिटेल? काय दिपा? चला, रस आणतो. पंडितभाऊ, तुम्हाला बर्फ घालून का बिनबर्फाचा?”

“बिनबर्फाचा,” पंडित म्हणाला.

चंदन जिना उतरून गेला. खाली रसवंतीवाल्याला त्यानं मारलेली हाक वरपर्यंत आली. आवाजात आनंद होता आणि तो खरा होता. त्याचंच पंडितला जास्त कसंतरी झालं.

दिपमाला अजून पडद्यासमोरच होती.

“भाऊ, एक काम राहिलं.”

“बोला.”

“यातून मला काढा.”

पंडितनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “स्वच्छ केलेल्यातून?”

“नाही. ह्यातून. बाकी सगळं राहू द्या, त्या माणसासकट. फक्त मला काढा.”

“फक्त तुम्हाला.”

“हो. आणि मग तो, रस आणायला गेलेत, त्यांनाच पाठवा. नानांचं तर झालं. आता आमच्याकडून काय उत्तर आहे ते त्यांना कळू दे.”

कोटाचं वरचं बटण सुगंधाबाईंना निघत नव्हतं. त्या ते तसंच ओढत राहिल्या. दिपमाला त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, पण बटणाला तिनं हात लावला नाही.

“आत्या, बाबा तुला बोलतील.”

“बोलतीन.” बटण तुटून हातात आलं. सुगंधाबाईंनी ते काळजीनं टेबलावर ठेवलं, भाड्याचा कोट होता. “भाऊले मीच सांगते. मी तठी नव्हती, हाटेलात झोपेल व्हती, हे बी सांगते. घरातून काढीन म्हने तं म्हनू दे. बोलनंच हाये ते.” मग त्यांनी कोटातून एक हात मोकळा केला आणि त्या हातानं दिपमालाच्या गालावरचा केस मागे सारला. “तुले तवा लई थंडी वाजली का वं?”

दिपमालानं कोटाची दुसरी बाही ओढून दिली.

पंडित कामाला लागला. खरं तर काम सोपं होतं, माणूस काढणं त्याला डोळे मिटून जमायचं. अडचण आली ती जागा भरताना. पांढरा बर्फ त्याच्याकडे भरपूर तयार होता, पण तो इथं चालला नसता, लगेच उठून दिसला असता. त्यानं बाजूचा चिखल उचलला, थोडी लीद घेतली, एक चेपलेला वाडगा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाण बर्फ बनवत होता आणि तो मन लावून बनवत होता. आधी गाऊन गेला, मग निळे ओठ, मग खांदा.

जिन्यात पावलं आणि ग्लासांचा किणकिणाट वाजायला लागला. पंडितनं पडदा बंद केला नाही.

चिखल जुळला होता. शाल होती तिथंच होती, तिच्यावर बूट होते, मागे तो पाठमोरा माणूस होता. चंदनचा उजवा हात मात्र तसाच राहिला, हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. दिसायला विचित्र दिसत होतं. पण हाताबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून पंडितनं तो तसाच ठेवला.